बसची वाट बघणारा राइगोमारू

उन्नो शिगेकाझूच्या दुकानात केस कापायला जायचं तर आधी आपल्या मानेचा विचार करावा, हे मी आल्यागेल्याला सांगत असते. हात चांगला आहे त्याचा, त्याबद्दल वाद नाही. पण कापता कापता मध्येच थांबतो. गिऱ्हाइकाचं डोकं दोन बोटांनी डावीकडे कलतं करतो, हनुवटी किंचित खाली दाबतो, आरशात बघतो, आणि त्याचे डोळे लकाकतात. "अहाहा! हलू नका हं. अगदी असेच राहा!" एवढं बोलून हा बाबा मागच्या खोलीत धूम ठोकतो आणि तिथे टेबलावर उभ्या असलेल्या प्लास्टिकच्या रोबोची मान तशीच वाकवून बघतो. इकडे गिऱ्हाईक गळ्याला पांढरं कापड बांधून, अर्धवट कापलेल्या केसांनी, तिरकी मान धरून बसलेलं. मग त्याची मुलगी मिनोरी येणार, "माफ करा हं, बाबा जरा आत गेलेत," म्हणणार, आणि उरलेलं डोकं पुरं करणार.

हे सगळं मला बसल्या जागी दिसतं, कारण माझं ओदेनचं दुकान बरोबर समोर आहे. मुळा, अंडी आणि माशाच्या वड्या काडीला टोचून काळ्या रश्श्यात उकळत ठेवायच्या आणि काचेतून समोरचा तमाशा बघायचा, असा माझा दिवस जातो. शिगे आणि मी शाळेत एका वर्गात होतो. बाकी आळी त्याला उन्नोसान म्हणते. मी शिगे म्हणते, आणि जास्त राग आला तर त्याहून वाईट काहीतरी.

आमच्या शिझुओकात मॉडेलं बनवणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नाही, कारण मग निम्म्या शहराला म्हणावं लागेल. कुणी जहाजं करतो, कुणी रणगाडे. शिगेचा जीव रोबोवर, आणि रोबोंतही एकाच रोबोवर, राइगोमारूवर. आमच्या लहानपणी टीव्हीवर लागायचा तो. मला विचाराल तर शिंगं फुटलेला फ्रीज. पण शिगेसमोर असं म्हणायची सोय नाही. हा राइगोमारू दर भागाच्या शेवटी एका पायाच्या चवड्यावर उभा राहायचा, दुसरा गुडघा छातीपर्यंत, एका हातातली तलवार खांद्यामागे आणि दुसऱ्या हाताचं बोट आभाळाकडे. मग वीज कडाडायची आणि शत्रू खलास. ती वीज शत्रूवर पडली की नाही देव जाणे, शिगेवर मात्र पडली. अजून सावरलेला नाही.

खोक्यातून रोबो आयता निघत नाही, हेही मला त्याच्यामुळेच कळलं. निघतात त्या प्लास्टिकच्या जाळ्या, आणि जाळ्यांना लटकलेले बोटाएवढे, नखाएवढे भाग. एकेक भाग पकडीने तोडायचा. तोडलेल्या जागी खुंट राहतो तो पॉलिश पेपरने घासायचा. दोन अर्धुकं जोडली की मधली फट लांबी भरून बुजवायची, भिंतीला भरतात तशीच. लांबी वाळली की परत घासायचं, मग रंग. आणि एवढं सगळं झाल्यावर म्हणे खरं काम सुरू होतं, त्याला पोझ द्यायचं. "उभा करणं कोणालाही जमतं, कियो," शिगे मला ऐकवायचा, "जिवंत करता आला पाहिजे." मग त्याने जिवंत केलेला राइगोमारू एका पायावरून तोंडावर आपटायचा. दर वर्षी! मागून टेकू द्यायला सळी मिळते, सगळे लावतात. हा म्हणणार, "टीव्हीवर सळी होती का?" आळीच्या प्रदर्शनात लोक त्याच्या टेबलापाशी रोबो बघायला थांबत नसत, तो कधी पडतो ते बघायला थांबत.

आळीत मॉडेलवाल्यांचं मंडळ आहे, आणि त्या मंडळात एक शब्द आहे, सुदाची. रोबोला काहीच पोझ न देता, हात खाली, पाय सरळ, नुसताच उभा करून ठेवला की त्याला ते सुदाची म्हणतात. साधं उभं राहणं. पण मंडळात ही शिवीच समजा. एकदा एका नव्या सभासदाने आपला रोबो असा नुसता उभा करून आणला, तर शिगे भर सभेत म्हणाला, "हा काय बसची वाट बघतोय का?" तो बिचारा परत कधी फिरकला नाही. मंडळाचे अध्यक्ष नागाकुरासान, आमचे चहाचे व्यापारी, अतिशय गंभीर माणूस. त्यांना हे इतकं पटलं की त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून सभागृहाच्या भिंतीवर लावलं: रोबो बसची वाट बघत नाहीत.

तर असा हा माणूस. बायको फुमिए माझी मैत्रीण होती. ती गेली तेव्हा मिनोरी कॉलेजात जायच्या बेतात होती. गेली नाही. न्हाव्याचं काम शिकली आणि बापाच्या शेजारच्या खुर्चीमागे उभी राहिली. आज दुकान चालतं ते तिच्या जिवावर. बाप आत पळाला की पुढचं तीच निभावते.

आणि तिचं लग्नही बापानेच जमवलं, कसं ते ऐका. गुरांचा एक डॉक्टर, ओनोदेरा नावाचा, कसल्याशा शिबिरासाठी उत्तरेकडून, पार आबाशिरीहून आला होता. दांडगा माणूस, दारातून वाकून यावं लागलं. शिगेने त्याचं डोकं कलतं केलं, "हलू नका" म्हणाला आणि नेहमीसारखा आत पळाला. मिनोरी पुढे झाली, माफी मागितली, तरी हा मान सरळ करेना. "त्यांनी हलू नका म्हणून सांगितलंय," म्हणाला. मिनोरीला हसू आवरेना. शिबीर संपेपर्यंत त्या माणसाने इतक्यांदा केस कापून घेतले की शेवटी कापायला काही उरलं नव्हतं. मी समोरून सगळं बघत होते. सगळ्या आळीला कळलं होतं. शिगेला नाही. त्याचं लक्ष मानेकडे.

एप्रिलमध्ये शिगेचा वाढदिवस आला तशी मिनोरी माझ्याकडे आली. "कियोमावशी, बाबांना कसं सांगू?"

"कसं म्हणजे? तोंडाने."

"मी तोंड उघडलं की ते कुठेतरी निघून जातात."

"मग आधी हातात काहीतरी दे. हात अडकले की पाय चालत नाहीत त्याचे."

म्हणून तिने राइगोमारूचं नवं किट आणलं, भलंमोठं खोकं. मी मुद्दाम रश्श्याचं भांडं घेऊन तिथे हजर राहिले. मिनोरीने खोकं बापाच्या हातात ठेवलं आणि एका दमात म्हणाली, "बाबा, हे तुमच्यासाठी, आणि मी ओनोदेराशी लग्न करून आबाशिरीला जातेय."

शिगे खोक्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता रडतो की काय.

"सांधे नवीन आहेत," तो म्हणाला. "कियो, हे बघ, घोट्याला धातूची खीळ दिलीय! आता सळी लागणार नाही!"

"शिगे, पोरगी काय म्हणाली ते ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग?"

"आधी हे उघडू तर दे."

तिथून जे सुरू झालं त्याने माझं डोकं उठलं. आमच्याकडे मुलगी निघण्याआधी आईबापांसमोर गुडघे टेकून बसते, बोटांची टोकं जमिनीला लावते, खाली वाकते आणि म्हणते, इतकी वर्षं तुम्ही माझं सगळं केलंत, आता येते. बस, एवढंच. पण भलेभले बाप या एका वाक्याला टरकतात. आणि मिनोरीचं म्हणणं असं की आई नाही, निदान बाबांनी तरी ते बसून ऐकावं, आणि ऐकून एक शब्द बोलावा.

पहिल्यांदा ती समोर बसली तर शिगे उठलाच. "थांब थांब, धूळ उडवू नकोस, लांबी वाळायला ठेवलीय." दुसऱ्यांदा बसली तर म्हणाला, "आत्ता नको, लांबी अजून ओली आहे." तिसऱ्यांदा तिने त्याला दुकानातच गाठलं, आरशासमोर. पळायला वाट नाही. तेव्हा या महाभागाने दार उघडून रस्त्यावरून जाणाऱ्या पहिल्या माणसाचा हात धरला. "या, या! केस फार वाढलेत तुमचे!" तो आमच्या देवळातला भिक्षू होता. डोकं तुळतुळीत. बिचारा खुर्चीत बसलासुद्धा, आणि शिगेने त्याच्या टाळूवर हवेतल्या हवेत कात्री चालवली.

मिनोरी माझ्याकडे येऊन बसली. मी तिच्या ताटलीत अंडं ठेवलं, तिने ते नुसतं काडीने फिरवत ठेवलं. "मावशी, जा म्हणू देत, जाऊ नको म्हणू देत. पण ऐकून तरी घेऊ देत. न सांगता कशी निघू? घरातून काहीतरी उचलून पळाल्यासारखी?"

"तो ऐकेल गं."

"नाही ऐकलं तर मी जाणार नाही. तिकीट परत करीन. ओनोदेरालाही सांगितलंय तसं."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, गाई अडल्या की मी वाट बघतो, तशी इथेही बघीन."

आता यावर माणसाने हसावं की रडावं! मी तडक रस्ता ओलांडला. शिगे राइगोमारूचा खांदा घासत बसला होता. "काय रे," मी म्हटलं, "कुठली लांबी वाळायला महिना लागतो?"

"हवा दमट आहे."

"शिगे, माझ्याकडे बघ. पोरगी तिकीट परत करीन म्हणतेय."

त्याचा पॉलिश पेपर थांबला. "प्रदर्शन होऊ दे," तो खाली मान घालून म्हणाला. "एकदा हा एका पायावर उभा राहू दे. मग बोलतो. आधी नाही जमणार, कियो. मला काही सुचतच नाही." एवढ्यावर मी दुकानात परतले, कारण तो खरं बोलत होता. प्रदर्शन रविवारी आणि मिनोरीची निघायची तारीख सोमवारची, म्हणजे त्याने स्वतःला पार कडेपर्यंत नेऊन ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी मी दुकान उघडत होते तर समोर बघ्यांची गर्दी. नागाकुरासान चहाच्या खोक्यांची हातगाडी रस्त्यातच सोडून काचेला नाक लावून उभे. मी घुसले आत. बघते तर आरशासमोर शिगे, खुर्चीवर चढलेला, एक गुडघा वर घेतलेला, खांद्यामागे लांब दांड्याचा झाडू, आणि दुसऱ्या हाताचं बोट छताकडे. चेहरा घामाने डबडबलेला.

"उतर खाली, मेल्या! लोक बघतायत!"

"येत नाही," तो दातांतून म्हणाला. "कंबर धरली. पोझ बघत होतो. कंबर कुठे वळते ते... आई गं! हात लावू नकोस!"

नागाकुरासान माझ्या मागून आत आले होते. त्यांनी त्याला खालून वर, वरून खाली नीट न्याहाळलं. "उन्नोसान," ते म्हणाले, "डावा गुडघा अजून थोडा वर हवा होता."

बोट जरा खाली केलं की शिगे किंचाळायचा. गुडघा सोडला की त्याहून मोठ्याने. शेवटी मी, मिनोरी आणि नागाकुरासान, आम्ही तिघांनी मिळून त्याला आहे तसाच उचलला, जशी देवाची मूर्ती उचलावी, आणि चहाच्या हातगाडीवर आडवा ठेवला. आडवा झाला तरी झाडू खांद्यामागेच आणि बोट आभाळाकडे. तशी आमची वरात बाजारातून हाड बसवणाऱ्याकडे निघाली. भाजीवाल्याने शिगेचं बोट बघितलं आणि वर बघितलं. मग त्याच्या गिऱ्हाइकांनी वर बघितलं. सगळा बाजार वर बघायला लागला. मासळीवाल्याकडच्या एका म्हातारीने तर हात जोडले. "वर काय आहे हो?" कोणीतरी मला विचारलं. मी म्हटलं, "याची अक्कल. गेलीय ती शोधतोय."

हाड बसवणाऱ्याने दोन ठिकाणी दाबून बोट खाली आणलं, गुडघा सरळ केला, आणि बजावलं की पालथं पडून राहायचं, हलायचं नाही. "हलू नका," असं तो शिगेला म्हणाला, आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात इतकं समाधान मला क्वचितच मिळालंय.

दुपारी मी रस्सा घेऊन गेले तेव्हा तो पालथा पडला होता, तोंड उशीत. टेबलावर राइगोमारू उभा. रंग पुरा, शिंगं लखलखीत, पण हात खाली आणि पाय सरळ, जोडून झाल्यावर ठेवला होता तसा. खोलीत प्लास्टिकच्या जाळ्यांचा ढीग, आणि मिनोरीच्या बांधून ठेवलेल्या दोन बॅगा.

"बाबा, मी देऊ का पोझ?" मिनोरी म्हणाली. "तुम्ही सांगा, मी वळवते."

"हात नको लावूस."

"मग उद्याचं काय?" मी विचारलं. "न्यायचा की नाही?"

"तसाच ने."

"आणि पाटीवर नाव काय लिहू? नागाकुरासान संध्याकाळपर्यंत मागतायत."

 उशीतून उत्तर आलं, "सुदाची."

आता मंडळातली ती शिवी मला माहीत नव्हती असं नाही. पण स्वतःच्या हाताने बनवलेल्या रोबोला कोण शिवी देईल? तेव्हा मला वाटलं, हा लिंबाचं म्हणतोय. सुदाची नावाचं हिरवं, आंबटढाण लिंबू असतं, भाजलेल्या माशावर पिळतात ते. रोबोला लिंबाचं नाव कशाला, असा प्रश्न मला पडला नाही असं नाही, पण कलावंत माणसं, आणि त्यातून कंबर धरलेला कलावंत. मी वाद घातला नाही. आमच्या लिपीत चित्राक्षरांनी लिहिलं असतं तर कुठलं सुदाची ते लगेच कळलं असतं. पण मी माझ्या दुकानाच्या पाट्या साध्या अक्षरांत लिहिते, मुळा, अंडी, वडी, तशीच ही लिहिली. नुसता उच्चार. आणि रविवारी सभागृहात राइगोमारू टेबलावर ठेवला तेव्हा माझ्या दुकानातलं एक हिरवंगार सुदाची मी शोभेला त्याच्या पायाशी ठेवून दिलं.

नागाकुरासान आले, बघितलं आणि पाटी वाचली. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सुदाची?" ते म्हणाले. "उन्नोसाननी? भिंतीवरचं वाक्य यांचं, आणि यांचाच रोबो हात खाली सोडून उभा? वर पाटी लावून सांगतायत?"

"अहो, लिंबू आहे ते," मी म्हटलं.

"कुठे आहे लिंबू? हा तर बसची वाट बघतोय!"

"पायाशी बघा की जरा!"

त्यांनी पायाशी बघितलं आणि जास्तच चिडले. लोक जमले. एकाने विचारलं की लिंबू आहे तर रोबो हिरवा का नाही. दुसरा म्हणाला, ही मंडळाची थट्टा आहे. तिसरा नुसताच तो पडायची वाट बघत उभा होता, नेहमीच्या सवयीने. पण राइगोमारू पडला नाही. दोन पायांवर सरळ उभा होता, पडेल कशाला?

मिनोरी मागून आली. लोकांनी तिला वाट दिली. तिने पाटी वाचली, पुन्हा वाचली. मग ती खाली वाकून राइगोमारूच्या पायाशी बघत म्हणाली, "सुदाची... मावशी, हे अंडं बाबांनी ठेवायला सांगितलं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाखरू घरटं सोडून उडून जातं, त्यालाही आम्ही सुदाचीच म्हणतो! मुलं मोठी होऊन घराबाहेर पडतात तेव्हा शाळेच्या भाषणांत हाच शब्द असतो, दर वर्षी ऐकतो आम्ही. साध्या अक्षरांत तिन्ही सारखेच. आणि ते माझं लिंबू, हिरवं, गोल, पाखराच्या अंड्यासारखं, रोबोच्या पायाशी मागे राहिलेलं. "अगं, लिंबू..." असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. माझं तोंड मिटलेलं आळीने पहिल्यांदाच पाहिलं असेल.

नागाकुरासान "नियमाप्रमाणे..." म्हणून सुरू झाले आणि मिनोरीचा चेहरा बघून थांबले.

दारात खडखड झाली. शिगे! हलू नका म्हणून सांगितलेलं, आणि हा झाडू टेकत टेकत निघून आलेला, कमरेत असा वाकलेला की नाक जमिनीकडे. अर्धी चप्पल पायात, अर्धी बाहेर. सरपटत टेबलापर्यंत आला. "पडला का?" त्याने विचारलं.

 मिनोरी तिथेच, सभागृहाच्या फरशीवर, सगळ्यांच्या देखत गुडघे टेकून बसली. बोटांची टोकं जमिनीला लावली. शिगेने मागे सरकायला पाहिलं, पण झाडूच्या आधारावर पळता येतं थोडंच! आणि एरवी त्याने मान वळवली असती, वर बघितलं असतं, खिडकीबाहेर बघितलं असतं. पण कंबर अशी धरलेली की त्याला खालीच बघता येत होतं, आणि खाली मिनोरीचा चेहरा होता.

"बाबा," ती म्हणाली, "इतकी वर्षं माझं सगळं केलंत. शाळेचा डबा केलात, आई गेल्यावर माझे केस कापलेत, कात्री धरायला शिकवलीत. आता येते."

शिगेने तोंड उघडलं.  मला पक्कं ठाऊक होतं की हा आता काहीतरी भलतंच बोलणार, सांध्यांबद्दल नाहीतर रंगाबद्दल. मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले, भलतं बोललाच तर चिमटा काढायला.

"लांबी," तो म्हणाला.

मी चिमट्याची तयारी केली.

"लांबी वाळली, मिनो."

मिनोरी हसली, आणि हसता हसता इतकी रडली की तिला धड उठता येईना. मग मीही रडले, रडले तर रडले, लपवायचं काय त्यात. "कसली लांबी?" नागाकुरासान मला विचारत होते. "कुठे राहिली होती लांबी?" मी त्यांना म्हटलं, तुम्ही चहा आणा आधी.

संध्याकाळी ओनोदेरा पोचला, मिनोरीला न्यायला. वाकून आत आला तर समोर सासराही वाकलेला, दोघं एकमेकांना नमस्कार करतायत असंच वाटलं. ओनोदेराने बॅगेतून एक डबा काढला. "गाईंचं आहे," तो माफी मागितल्यासारखा म्हणाला, "पण लागू पडतं." शिगे नको नको म्हणत असताना त्याने ते मलम त्याच्या कमरेला असं काही चोळलं की सकाळी शिगे काठीसारखा ताठ. नुसता गोठ्याचा वास येत होता.

विमानतळाची बस आमच्या नाक्यावरून सुटते. आम्ही चालत गेलो. शिगे एक बॅग ओढत होता, मी शेजारी. मिनोरी आणि ओनोदेरा पुढे होते म्हणून मी हळूच विचारलं, "खरं सांग रे, तुला कुठलं सुदाची म्हणायचं होतं?"

"पाटी कोणी लिहिली?"

"मी."

"मग मला काय विचारतेस?" तो म्हणाला आणि बॅग दुसऱ्या हातात घेतली.

बस आली. ओनोदेराने बॅगा चढवल्या. मिनोरी खिडकीशी बसली, काच सरकवली आणि मोबाइल बाहेर काढला. शिगेचा असा एकही फोटो नाही ज्यात तो माणसासारखा उभा आहे. फुमिएसोबतच्या लग्नाच्या फोटोतही त्याचं बोट आभाळाकडे आहे. "बाबा, पोझ!" मिनोरी ओरडली. "राइगोमारू!"

शिगे हात खाली सोडून, पाय जुळवून सरळ उभा राहिला. बोट नाही, गुडघा नाही, काही नाही. नुसता तिच्याकडे बघत उभा. मिनोरीने फोटो काढला. बस वळणावरून दिसेनाशी झाली.

तो तसाच उभा.  मी म्हटलं, "शिगे, बस गेली रे."

"माहीत आहे."

"मग चल की. दुकान उघडायचंय."

"कंबर धरलीय."

"मलमाने सुटली होती ना?"

"परत धरली," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि हात खालीच होते, पुसायलासुद्धा वर येईनात.

मी त्याला ओढलं नाही. मीही त्याच्या शेजारी तशीच उभी राहिले, हात खाली, पाय सरळ. एक बाई येऊन आमच्या मागे रांगेत उभी राहिली आणि मला विचारायला लागली, पुढची बस किती वाजता आहे.